चिकणमातीतली जास्वंद आणि कर्माची पाच कारणे

लावलेले झाड जगले तर ते कोणी जगवले, आणि वठले तर कोणामुळे वठले? खड्डा माणूस खणतो, रोप माणूस लावतो, पाणीही तोच घालतो. वाढणे मात्र त्याच्या हातात नसते. कितीही काळजी घेतली तरी पान फुटायचे तेव्हाच फुटते आणि कळी धरायची तेव्हाच धरते. मग ‘हे झाड मी वाढवले’ असे म्हणणाऱ्याचा दावा कितपत खरा? आणि झाड गेल्यावर स्वतःलाच बोल लावणाऱ्याचे दुःख कितपत रास्त? कर्तृत्वाचा हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याचे थेट विवेचन येते. कोणतेही कर्म तडीस जायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली किंवा व्यापार, आणि पाचवे दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, मग ते योग्य असो की अयोग्य, त्याच्या मुळाशी ही पाचही असतात. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही आणि त्याला खरे दिसत नाही, असा निर्वाळा त्याच अध्यायात पुढे दिला आहे.

शंकराचार्यांच्या भाष्यात या पाच कारणांचा अर्थ देहाच्या अंगाने लावला आहे, आणि ज्ञानेश्वरीही त्याच वाटेने जाते. तिथे अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे देहालाच ‘मी’ समजणारा जीव, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणाचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता. हीच विभागणी देहाबाहेरच्या कामालाही लावता येते, कारण बाहेरच्या प्रत्येक कामाला टेकायला जागा लागते, करणारा लागतो, साधने लागतात, हालचाल लागते, आणि करणाऱ्याच्या आवाक्यापलीकडचे काही ना काही जुळून यावे लागते. चिकणमातीत जास्वंदीसारखे नवे फुलझाड लावणे आणि त्याला पाणी घालणे हे अशा कामाचे चांगले उदाहरण आहे. भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत माणसाच्या चुका बऱ्याचदा खपून जातात आणि कर्तृत्वाचा भ्रम टिकून राहतो. चिकणमाती तो फार काळ टिकू देत नाही.

अधिष्ठान

मुंबईच्या पूर्व उपनगरातले कांजूरमार्ग हे या विचारासाठी नेमके ठिकाण आहे. पश्चिमेला पवईकडे बेसॉल्टच्या टेकड्या आहेत. पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी लागते. मधल्या पट्ट्यात रेल्वेमार्ग, लालबहादूर शास्त्री मार्ग, कारखाने आणि निवासी वसाहती आहेत. त्यामुळे इथे थोड्या अंतरात तीन प्रकारच्या जमिनी भेटतात: टेकडीच्या उतारावरची खडक झिजून झालेली माती, खाडीकाठची खारट चिकणमाती, आणि बांधकामाच्या वेळी टाकलेला भराव. इमारतीच्या कुंपणालगतच्या हातभर पट्टीत बहुधा या तिन्हींची सरमिसळ असते.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. कण जितके बारीक, तितक्या त्यांच्यामधल्या पोकळ्या लहान, आणि पाणी तितकेच सावकाश मुरते. वालुकामय जमिनीत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरू शकते. चिकणमातीत हेच प्रमाण तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर असते. एक चौरस मीटर जागेवर दहा लिटरची बादली ओतली, तर जमिनीवर दहा मिलिमीटर पाणी होते. बादली रिकामी व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. ते पाणी चिकणमातीत मुरायला मात्र दोन तासांपासून दहा तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. एकदा मुरलेले पाणी ही माती सहजासहजी सोडत नाही, आणि पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. म्हणून पाणी साचलेल्या चिकणमातीत मुळे गुदमरतात.

खाडीकाठच्या मातीत आणखी एक अडचण असते. समुद्राच्या पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटे करतो. सुटे झालेले कण पोकळ्या बुजवतात आणि निचरा आणखी मंदावतो. अशा मातीत जिप्सम घातले, तर त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम गोड्या पाण्याबरोबर खाली वाहून जातो. पण त्यासाठी पाण्याला खाली जायला वाट हवी. भरावात सिमेंट आणि चुन्याचा राडारोडा असेल, तर माती अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना ते मिळत नाही, आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

या सगळ्यांत लावणाऱ्याचे काहीच कर्तृत्व नसते. खडक, खाडी आणि आधीच्या पिढ्यांनी टाकलेला भराव त्याच्या आधीपासून तिथे असतो. अधिष्ठान हे पहिले कारण मोजले जाते यामागे हा अर्थ पाहता येतो: कर्म कोऱ्या जागेवर सुरू होत नाही. करणारा येण्यापूर्वीच अर्धे-अधिक ठरलेले असते, आणि ते समजून घेणे हे त्याचे पहिले काम असते.

कर्ता आणि करणे

पाचांत एक म्हणून कर्त्याची गणना झाली, तर त्याचे महत्त्व उरते की नाही? या शंकेचे उत्तर पाच कारणांच्या स्वरूपातच आहे. माती स्वतःला ओळखत नाही, कुदळीला खोली कळत नाही, पावसाला रोप दिसत नाही. उरलेल्या चौघांना जाणून घेऊ शकेल असा पाचांत एकटा कर्ताच असतो. त्याचा वाटा लहान असला तरी जाणतेपणाचा भार त्याच्यावरच येतो.

गीतेने कर्त्याचेही तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या सात्त्विक कर्त्याची लक्षणे झाड लावणाऱ्याला तंतोतंत लागू पडतात: आसक्ती नाही, ‘मी केले’ अशी भाषा नाही, धीर आहे, उत्साह आहे, आणि काम साधले किंवा फसले तरी मन ढळत नाही. धीर आणि उत्साह ही जोडी इथे लक्षात घ्यावी. नुसता उत्साह असलेला माणूस पहिल्या आठवड्यात रोज दोनदा झारी रिकामी करतो. नुसता धीर असलेला माणूस रोपाकडे फिरकतच नाही. चिकणमातीला दोन्ही गुण एकाच माणसात लागतात.

करणे म्हणजे कुदळ, पहार, खुरपे, घमेले, झारी, शेणखत, पालापाचोळा आणि पाणी. यांतले पाणी विशेष विचार करण्यासारखे आहे. मुंबईत नळाला येणारे बरेचसे पाणी दूरच्या धरणांतून येते. त्यांतली भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे कांजूरमार्गच्या जास्वंदीला घातलेल्या पाण्यात धरणासाठी जमीन दिलेल्यांचा, जलवाहिनी राखणाऱ्यांचा आणि स्वतः तहानलेल्या गावांचा वाटा असतो. पाण्यासाठी बोअरवेल वापरली तरी प्रश्न सुटत नाही, कारण खाडीजवळ ते पाणी मचूळ असू शकते, आणि मचूळ पाणी घालत राहिल्यास मातीवर क्षारांचा पांढुरका थर धरतो. साधन आपल्या हातात आहे म्हणून ते आपले आहे, असे म्हणता येत नाही. गरजेपेक्षा जास्त घातलेले पाणी झाडालाही मारक आणि ज्यांच्या वाट्याचे ते आहे त्यांच्यावरही अन्याय करणारे ठरते.

चेष्टा

प्रत्यक्ष लावणीची कृती क्रमाने पाहिली, म्हणजे कर्ता आणि अधिष्ठान यांचा संवाद कसा चालतो ते कळते. सुरुवात मातीच्या परीक्षेने होते. मूठभर ओली माती घेऊन तळहातांमध्ये वळली असता तिची बारीक दोरी झाली, आणि त्या दोरीचे कडे वळताना ती तुटली नाही, तर माती चिकण आहे. दुसरी परीक्षा निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर जमिनीच्या पातळीवर रोप न लावता माती चढवून गादीवाफा करणे श्रेयस्कर.

खणायची वेळही मातीच ठरवते. भिजून गच्च झालेल्या चिकणमातीत कुदळ मारली की खड्ड्याच्या भिंती गिलावा केल्यासारख्या चोपडल्या जातात आणि पुढे मुळे त्या भेदू शकत नाहीत. पूर्ण वाळलेली चिकणमाती दगडासारखी लागते आणि तिची ढेकळेच निघतात. या दोन टोकांच्या मधली स्थिती म्हणजे वाफसा. मूठ आवळली की गोळा होतो, बोटाने टोकरला की तो सुटतो, आणि हाताला माती चिकटून राहत नाही. शेतकरी पेरणीसाठी, कुळवणीसाठी वाफशाची वाट पाहतो. फुलझाड लावणाऱ्यानेही तीच वाट पाहायची असते.

खड्डा रुंद असावा, खोल नसावा. रोपाच्या पिशवीतली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गड्डा, जितकी उंच असेल तितकीच खोली आणि तिच्या दुप्पट-तिप्पट रुंदी पुरते. हुंडीचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटे वर राहिला पाहिजे, कारण मोकळी केलेली माती पुढे बसते. खड्ड्याच्या भिंती खुरप्याने खरवडाव्यात.

इथे बहुतेकांकडून होणारी चूक प्रेमापोटी होते. चिकणमाती वाईट म्हणून ती काढून टाकतात आणि खड्ड्यात विकत आणलेली लाल माती, कोकोपीट आणि खत भरतात. आजूबाजूच्या घट्ट मातीत हा मऊ खड्डा टाक्यासारखा भरतो. वरून आलेले पाणी त्यात झटकन उतरते, पण बाहेर जायला वाट नसल्याने तिथेच साचते. मुळेही त्या मऊ मातीत घोटाळत राहतात, बाहेर पडत नाहीत. म्हणून खड्ड्यात बहुतांशी तिथलीच माती ढेकळे फोडून परत घालावी, आणि शेणखत किंवा गांडूळखत एका खड्ड्यापुरते न ठेवता सगळ्या वाफ्याच्या वरच्या थरात मिसळावे. झाडाला ज्या मातीत जन्म काढायचा आहे, तिच्याशी त्याची ओळख पहिल्या दिवसापासून व्हायला हवी.

रोप लावल्यावर एकदा सावकाश, भरपूर पाणी द्यावे, म्हणजे हुंडी आणि भोवतालची माती एकमेकींना चिकटतात आणि मधल्या पोकळ्या बुजतात. वरून दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि ते खोडापासून चार बोटे दूर ठेवावे. त्यानंतरचे पाणी बोटाला विचारून घालायचे असते. नर्सरीतल्या रोपाची हुंडी सहसा हलक्या मिश्रणाची असते, त्यामुळे ती लवकर सुकते, तर तिच्या शेजारची चिकणमाती त्याच वेळी ओलीच असते. म्हणून एकदा खोडाजवळ हुंडीत आणि एकदा वीतभर अंतरावर मातीत, अशा दोन ठिकाणी बोट दोन पेरे खोल घालून पाहावे. हुंडी कोरडी आणि बाहेरची माती ओली असेल, तर खोडाजवळ थोडेसेच पाणी द्यावे. दोन्ही ओली असतील तर झारी खाली ठेवावी. दोन्ही सुकू लागली असतील, तर धार बारीक करून, थांबत थांबत, मुरेल तसे पाणी द्यावे. मुळे हुंडीबाहेर पसरली की पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवत न्यावे.

दैव

कांजूरमार्गात दैव बहुधा पावसाच्या रूपाने येते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तासाला पाच मिलिमीटर पाणी मुरवणाऱ्या मातीपुढे असा पाऊस आला, तर झारीचे सगळे हिशेब वाहून जातात. उलट ऑक्टोबरपासून पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात.

दैवाचा हा वाटा मान्य केला की दोन टोकांचे निष्कर्ष निघू शकतात, आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक असा की सगळे दैवाधीन असेल तर करायचे कशाला. दुसरा असा की पुरेसे कष्ट केले की दैव वळवता येते. गीतेच्या मांडणीत दैव हे पाचवे कारण आहे. ते एकमेव नाही, आणि ते वगळताही येत नाही. पाऊस कधी आणि किती पडेल हे लावणाऱ्याच्या हातात नसते, पण रोप गादीवाफ्यावर लावणे त्याच्या हातात असते. उन्हाळ्यात केलेले आळे पावसाळ्यात एका बाजूने फोडून पाण्याला वाट देणे त्याच्या हातात असते. मुसळधारेचे दिवस ओसरेपर्यंत लावणी पुढे ढकलणेही त्याच्या हातात असते. दैवाला जागा ठेवून केलेली तयारी हाच पुरुषार्थ.

ख्रिस्ती परंपरेतही हा प्रश्न नेमक्या याच कामाच्या आधाराने मांडला गेला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपण लावले, अपुल्लोसने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. करिंथच्या मंडळीत कोण कोणाचा शिष्य यावरून गट पडले होते, आणि दोन्ही गुरू हे केवळ सेवक आहेत हे त्याला पटवून द्यायचे होते. वाढीचे सगळे श्रेय तो एका देवाकडे देतो. गीता कारणांची पाच भागांत वाटणी करते. हा फरक खरा आहे. तरीही पौल लगेच पुढे लावणाऱ्याला आणि पाणी घालणाऱ्याला आपापल्या श्रमाप्रमाणे मजुरी मिळेल असे सांगतो. अहंकार काढून घेतला तरी श्रमाचे मोल कमी होत नाही, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे.

न घातलेले पाणी

चिकणमातीतली नवी झाडे पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात, आणि त्यांच्या मरणाची रीत फसवी असते. मुळे गुदमरली, कुजू लागली, की ती पाणी शोषू शकत नाहीत. मग माती ओलीचिंब असतानाही पाने माना टाकतात. तहानलेल्या झाडाचे आणि बुडालेल्या झाडाचे वरचे लक्षण एकच. पाहणारा पान पाहतो, माती पाहत नाही. त्याला दया येते आणि तो आणखी पाणी घालतो. त्याचा हेतू शुद्ध असतो, कष्ट खरे असतात, आणि झाड त्याच्याच हातून मरते.

गीतेच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म जो पाहतो तो माणसांमध्ये बुद्धिमान. या वचनावर अनेक भाष्ये झाली आहेत. वाफ्यापाशी उभे राहिले की त्याची एक बाजू डोळ्यांसमोर येते: माती ओली आहे हे पाहून न घातलेले पाणी ही पूर्ण विचाराने केलेली कृती असते. बाहेरून मात्र ती आळशाच्या निष्क्रियतेसारखीच दिसते. दोघांच्याही झारीत पाणी तसेच राहते. फरक इतकाच की आळशाला मातीची स्थिती ठाऊक नसते आणि संयमी माणसाने ती नुकतीच तपासलेली असते. उद्या माती सुकली तर आळशी तसाच बसेल, संयमी झारी उचलेल.

हा आतला फरक विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता प्रवचनांत उलगडून दाखवला आहे. बाहेरच्या कर्माला चित्ताची साथ मिळणे याला त्यांनी विकर्म म्हटले, आणि कर्माला विकर्माची जोड मिळाली की त्याचे अकर्म होते, म्हणजे त्याचा भार वाटेनासा होतो, असे सांगितले. रोज ठरल्या वेळी ठरलेली झारी ओतणे हे नुसते कर्म. माती पाहून, मन घालून पाणी देणे किंवा न देणे हे त्यापुढचे पाऊल. पहिल्या प्रकारात नियम पाळल्याचे समाधान कर्त्याला मिळते. दुसऱ्यात लक्ष झाडाकडे असते. काळजी घेण्याची कृती स्वतःच्या मनःशांतीसाठी आहे की समोरच्यासाठी, हे ठरवायला चिकणमातीइतकी रोकडी कसोटी क्वचितच मिळेल. मुले वाढवणे, रुग्णाची शुश्रूषा, शिष्याला शिकवणे या सगळ्या कामांत अतिकाळजीचा हाच धोका असतो, पण तिथे तो इतक्या लवकर उघड होत नाही.

फूल कोणाचे

फळाच्या आशेचा प्रश्न शेवटी उरतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्माचा अर्थ स्पष्ट केला आहे: सोडायची ती फळाविषयीची आसक्ती, कर्म नव्हे. हेतू आणि योजना असावीच. फळ आपल्या हक्काचे आहे हा हट्ट नसावा. नव्या जास्वंदीच्या पहिल्या वर्षात हा हट्ट फार नुकसान करतो. फुले लवकर यावीत म्हणून नत्रयुक्त खतांचा मारा केला की लुसलुशीत पाने फुटतात, त्यांवर पिठ्या ढेकूण बसतो, आणि मुळे मात्र जिथल्या तिथे राहतात. पहिले वर्ष मुळांचे असते. त्या काळातले सगळे काम नजरेआड, जमिनीखाली चालते, आणि त्याच्या बदल्यात दाखवण्यासारखे काही मिळत नाही.

फूल आल्यावरही ते फार काळ थांबत नाही. जास्वंदीचे फूल बहुतेक वेळा एकाच दिवसाचे असते. सकाळी ते गणपतीला वाहिले जाते, नाही तर संध्याकाळी झाडावरच मिटते. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ किंवा पाणी यांपैकी भक्तीने जे अर्पण केले जाईल ते आपण स्वीकारतो, असे श्रीकृष्णाने म्हटले आहे, आणि लगेच पुढे जे काही करशील ते सगळेच मला अर्पण कर, असेही सांगितले आहे. या दृष्टीने पाहिले तर वाहिलेले फूल हा अर्पणाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. त्याआधी महिनोन्‌महिने मातीला दिलेले पाणी, आणि ओल पाहून राखलेले पाणी, हेही अर्पणच ठरते.

मराठी संतपरंपरेत या विचाराचे जितेजागते उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील अरण गावचे संत सावता माळी. मळ्यातल्या कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला आणि काम सोडून वेगळे साधन शोधले नाही. त्यांनी इ. स. १२९५ मध्ये अरणलाच देह ठेवला. त्यांच्याच काळात, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या बाराव्या अध्यायात कर्तेपणाचा अभिमान कसा टाकावा हे सांगताना ज्ञानेश्वरांनी दृष्टान्त घेतला तो मळ्यातल्या पाण्याचा: माळी नेईल तिकडे पाणी निमूट जाते, तसे माणसाने व्हावे. झाडाला पाणी घालणारा स्वतःला माळी समजत असतो. ज्ञानेश्वर त्याला पाण्याच्या जागी उभे करतात.

पाच कारणांचा सिद्धान्त व्यवहारात इतके सांगतो: चिकणमातीतले झाड जगले तर श्रेय पाचांत वाटून द्यावे, आणि आपल्या वाट्याला आलेला पाचवा हिस्सा आनंदाने घ्यावा. झाड गेले तर दोषही वाटला जातो, पण त्यातला कर्त्याचा हिस्सा प्रामाणिकपणे तपासावा, कारण सुधारता येईल असा तेवढाच असतो. ज्याने माती ओळखली, वाफशाची वाट पाहिली, पावसाला वाट करून दिली आणि रोज बोट घालून मगच झारी उचलली किंवा खाली ठेवली, त्याचे कर्म पूर्ण झाले. फूल येवो अथवा न येवो, त्याच्या वाट्याचे काही करायचे राहिले असे म्हणता येणार नाही.